होंडा एलिव्हेट : पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन

गाड्यांच्या बहुतेक परीक्षणांत गाडीत एक-दोन माणसं असतात, डिकी रिकामी असते आणि रस्ता सपाट असतो. घरची गाडी अशी क्वचितच चालते. आमच्याकडे मागच्या सीटवर सासू-सासरे आणि कॉलेजला जाणारी मुलगी, शेजारी नवरा, मे महिन्यात डिकीत आंब्याच्या पेट्या, आणि वाटेत फोंडा घाट. मी कोल्हापूरला राहते, माहेर कणकवलीच्या बाजूला, आणि गाडी मीच चालवते. होंडा एलिव्हेट या मध्यम आकाराच्या एसयूव्हीबद्दल पुढे जे लिहिलंय ते या हिशेबाने वाचा. माझ्याकडे व्हीएक्स प्रकारातली सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी आहे. चुलतदिरांची मॅन्युअल आहे, तीही मी घाटात चालवलेली आहे.

एलिव्हेट सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्याकडे बाजारात आली. राजस्थानातल्या टपुकडाच्या कारखान्यात बनते, आणि मार्च २०२४ पासून हीच गाडी इथून जपानला जाऊन तिथे डब्ल्यूआर-व्ही नावाने विकली जाते. इंजिन होंडा सिटीचंच आहे : १४९८ सीसी, चार सिलिंडर, टर्बो नसलेलं पेट्रोल, १२१ पीएस ताकद आणि १४५ एनएम टॉर्क (गाडी ओढणारा जोर). यात डिझेल नाही, हायब्रिड नाही, चारही चाकं फिरवणारी ड्राइव्ह नाही. त्यातलं काही तुम्हाला हवंच असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका, त्या गाड्या बाजारात आहेत आणि त्यांची नावं खाली येतीलच.

आधी मागची सीट, कारण आमच्या घरी गाडीचा निर्णय तिथेच झाला.

मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आधीच्या छोट्या हॅचबॅकमध्ये बसताना त्यांना खाली वाकावं लागायचं आणि उतरताना कुणाचा तरी हात लागायचा. मोठ्या, उंच एसयूव्हीत उलटा त्रास, पायरीवर पाय ठेवून वर चढावं लागतं. एलिव्हेटची सीट या दोन्हींच्या मध्ये, बरोबर बसणाऱ्याच्या मांडीच्या उंचीला येते. शोरूममध्ये मी त्यांना म्हटलं, "मामा, आधी पाठमोरे बसा, मग पाय आत घ्या." ते बसले, पाय आत घेतले आणि म्हणाले, "हे जमतंय गं." हात कुणाचा लागला नाही. दार चांगलं रुंद उघडतं, खालचा उंबरा फार जाड नाही, आणि छत उंच असल्यामुळे डोकं वाकवून आत शिरावं लागत नाही. गाडीची उंची १६५० मिलिमीटर आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६५०. या व्हीलबेसचा मोठा वाटा मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळालाय. माझा नवरा चांगला उंच आहे. त्याने पुढची सीट स्वतःसाठी लावली तरी मागे मामांना पाय लांब करता येतो, आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला तासभर एकाच कोनात न ठेवणं फार महत्त्वाचं असतं.

दोघांसाठी ही मागची सीट उत्तम आहे. तिघांसाठी मात्र चालून जाते, इतकंच. गाडीची रुंदी १७९० मिलिमीटर आहे आणि तीन मोठी माणसं बसली की खांद्याला खांदा लागतो. मध्ये बारीक अंगाचं माणूस असेल तर कणकवलीपर्यंत तक्रार येत नाही. तीन भरदार माणसं घेऊन पुण्याला जायचं असेल तर साताऱ्याला चहाला थांबावं लागेल. सीटची पाठ मागे झुकत नाही, आहे त्याच कोनात बसायचं. ह्युंदाई क्रेटात आणि मारुती ग्रँड व्हिटारात ती थोडी मागे झुकते, आणि लांबच्या प्रवासात झोपणाऱ्या माणसाला तो फरक कळतो. खिडक्यांना ओढून घ्यायचे पडदे नाहीत. मे महिन्यातल्या दुपारी आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, काचेत ओढणी अडकवून बसतात. एसीचे झरोके मागे आहेत आणि थंडावा लवकर पोचतो. फोन चार्ज करायला मागे यूएसबी नाही, बारा व्होल्टचं सॉकेट आहे, त्यात अडॅप्टर घालावा लागतो. पंधरा लाखांच्या आसपासच्या गाडीत हे असायलाच हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

माणसं सहा असतील तर मन मारून ही गाडी घेऊ नका. सहाव्या माणसाला मांडीवर बसवून नेण्याचे दिवस गेले. किया कॅरेन्स, मारुती एर्टिगा किंवा एक्सएल६ अशा तीन रांगांच्या गाड्या बघा.

आता डिकी. कागदावर ४५८ लिटर. क्रेटाची ४३३, स्कोडा कुशाकची ३८५. लिटरच्या आकड्यावरून कुणाला काही कळत नाही, म्हणून सामान सांगते. आंब्याच्या लाकडी पेट्या एकावर एक रचून, शेजारी एक मोठा फणस, कोकम आगळाच्या बाटल्यांचं खोकं, तांदळाचं पोतं, आणि वरच्या फटीत सगळ्यांच्या कपड्यांच्या पिशव्या. एवढं भरून वरचा ट्रे जागेवर बसतो आणि मागच्या काचेतून रस्ता दिसतो. मामांचा वॉकर घडी करून आडवा बसतो. जमीन खोल आणि सपाट असल्याने सामान घाटातल्या वळणावर इकडून तिकडे घसरत नाही. एक गोष्ट खटकते. डिकीचा काठ उंच आहे. तांदळाचं पोतं आधी काठाइतकं उचलून मग आत खाली सोडावं लागतं, आणि काढताना तीच कसरत उलटी. कंबर दुखणाऱ्यांनी शोरूममध्येच एखादी जड बॅग उचलून बघावी.

डिकी महत्त्वाची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीवरही चालणाऱ्या गाडीत) बॅटरी डिकीच्या जमिनीखाली असते, त्यामुळे जागा बरीच कमी होते. बऱ्याच सीएनजी गाड्यांत टाकी डिकीची बरीचशी जागा खाते. मायलेजच्या आकड्यावर भाळून गाडी घेतली आणि सुटीच्या दिवशी छतावर कॅरियर बांधायची वेळ आली, हे मी ओळखीतल्या दोन घरांत पाहिलंय. कॅरियरवर सामान चढवलं की वाऱ्याचा अडथळा वाढतो आणि मायलेजचा फायदाही निसटतो.

घाटाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण एलिव्हेटबद्दलची सगळी भांडणं इथेच होतात.

कोल्हापूरहून कोकणात उतरायला आमच्याकडे फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली असे घाट आहेत. आम्ही बहुधा राधानगरी, दाजीपूर करत फोंड्याने उतरतो. जाताना उतार, येताना चढ, आणि येताना गाडी आंब्यांनी भरलेली. टर्बो नसलेल्या इंजिनाचा स्वभाव असा की त्याचा पूर्ण टॉर्क ४३०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला ४३०० फेऱ्यांवर, मिळतो. म्हणजे खालच्या फेऱ्यांवर ते आळशी असतं आणि फेरे वाढले की जागं होतं. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन चढावर नुसता हलका पाय ठेवला तर गाडी जागच्या जागी रेंगाळल्यासारखी वाटते. पाय दाबला की सीव्हीटी इंजिनाला चार-साडेचार हजार फेऱ्यांवर नेऊन ठेवते, इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. मागे बसलेल्यांना हा आवाज ऐकू येतो. आत्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, "गाडीवर एवढा जोर का पडतोय?" जोर पडत नव्हता. त्या इंजिनाचं काम त्याच फेऱ्यांवर होतं आणि ते त्यासाठीच बनवलेलं आहे. तापमानाचा काटा हलत नाही, एसी चालू राहतो, गाडी कुठे अडत नाही. पण आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो, आणि ज्यांना शांतता प्रिय आहे त्यांनी हे नीट ऐकूनच गाडी घ्यावी.

चढावर मी स्टिअरिंगमागचं पॅडल (बोटाने गिअर वर-खाली करायचं छोटं बटण) वापरून फेरे आधीच वर ठेवते. वळणाच्या आधी एक पायरी खाली, वळण संपताना पाय सौम्यपणे दाबायचा. असं चालवलं की गाडी एका लयीत चढते. समोरचा ट्रक रखडला असेल तर मात्र मोकळा, लांब दिसणारा पट्टा मिळेपर्यंत थांबायची तयारी हवी. डिझेल क्रेटाला २५० एनएम टॉर्क आहे आणि तोही खालच्या फेऱ्यांवर मिळतो, त्यामुळे तिथे भरलेल्या गाडीलाही ओव्हरटेक सहज जमतो. एलिव्हेटमध्ये तो जोर नाही. आठवड्यातून दोनदा घाट चढणारा माणूस असेल तर मी त्याला डिझेलच सांगेन.

मॅन्युअल गाडी घाटात जास्त मोकळी वाटली. सहा गिअर, क्लच हलका, गिअरचा दांडा कमी अंतरात आणि नेमका पडतो. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून फोंडा चढताना इंजिनाची ताकद थेट पायाला लागते, मध्ये सीव्हीटीचा पट्टा येत नाही. पण कोल्हापूर शहरात शिवाजी पेठेत, महाद्वार रोडला आणि संध्याकाळच्या दाभोळकर चौकात क्लच दाबून दाबून पाय भरून येतो. तिथे सीव्हीटीसारखं सुख नाही. तुमचे शंभरातले ऐंशी किलोमीटर कुठे जातात ते आधी मोजा, मग गिअरबॉक्स निवडा.

उतारावर सीव्हीटी गाडी फक्त ब्रेकवर सोडू नका, हे कळकळीने सांगते. पॅडलने खालची पायरी घ्या, इंजिनालाच वेग धरून ठेवू द्या. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पावसाळ्यात दाजीपूरच्या पुढे धुकं असं उतरतं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. अशा वेळी ब्रेक थंड राहिलेले हवेत. या गाडीचं बॉनेट सपाट आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवरून त्याचे दोन्ही कोपरे दिसतात, याचा घाटातल्या अरुंद वळणावर आणि पेठेतल्या बोळात सारखाच उपयोग होतो. वळायला तिला जागाही थोडी लागते, टर्निंग रेडियस ५.२ मीटर. काचा मोठ्या आहेत. बुटक्या बायकांना मोठी गाडी चालवायला भीती वाटते असं मी नेहमी ऐकते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि सीट वर घेतली की मला या गाडीतून चौफेर दिसतं. ज्यांच्या घरी गाडी बाई चालवणार आहे त्यांनी हा मुद्दा वैशिष्ट्यांच्या यादीत सगळ्यात वर ठेवावा.

हायवेवर गाडी ऐंशी-नव्वदला शांत असते. फेरे कमी, इंजिन जवळजवळ ऐकू येत नाही, टायरचा आवाज मात्र सिमेंटच्या रस्त्यावर आत येतो. शंभरच्या पुढे ओव्हरटेक करताना परत तोच सीव्हीटीचा आवाज. आमच्याकडे गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, दोन-दोन जोडलेल्या, कित्येकांना मागे दिवा किंवा लाल पट्टीही नसते. लांबलचक ट्रॉलीला पार करायला ताकदीपेक्षा अंदाज जास्त लागतो. एलिव्हेटच्या एलईडी दिव्यांचा झोत रुंद पडतो, आणि उजव्या बाजूने येणारं वाहन खिडकीच्या खांबामागे फारसं लपत नाही, म्हणून अंदाज चुकत नाही.

सस्पेन्शन ही या गाडीची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. खड्ड्यात चाक गेलं की धक्का वर येईपर्यंत मवाळ होतो, आणि पुढच्या क्षणी गाडी स्थिर होते, हेलकावत नाही. आत्यांना आधीच्या गाडीत घाट उतरताना मळमळायचं. या गाडीत आल्याची गोळी पिशवीतच राहते. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या तळाची उंची, २२० मिलिमीटर आहे, या गटात भरपूर. गावात शिरताना जे बेढब, पट्टे न मारलेले गतिरोधक असतात, त्यावर पूर्ण भरलेली गाडीही खाली घासत नाही. पण या आकड्यावरून पाण्यात गाडी घालायचं धाडस कुणी करू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. साठलेल्या पाण्यात इंजिनाच्या हवा घेण्याच्या नळीत पाणी गेलं की इंजिन जातं, आणि बऱ्याच साध्या विमा पॉलिसींत इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान धरलेलं नसतं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं. नदीकाठच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी ते घ्याच.

मायलेज. कंपनीचा दावा मॅन्युअलला १५.३१ आणि सीव्हीटीला १६.९२. माझा अनुभव : शहरात अकरा-बारा, घाटात भरून तेरापर्यंत, हायवेवर ऐंशी-नव्वदच्या वेगात सोळा-सतरा. पाय जड असेल तर यापेक्षा कमी. आता पंपावर सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्या जिल्ह्यात हे इथेनॉल साखर कारखान्यांतूनच जातं, त्यामुळे त्याबद्दल घरोघरी बोललं जातं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे वीस टक्के मिसळल्यावर हिशेबाने सहा-सात टक्के मायलेज उतरणारच. एलिव्हेट या पेट्रोलवर चालायला तयार आहे, त्यामुळे नळ्या-रबर खराब होतील ही भीती नको. टाकी मात्र ४० लिटरचीच आहे. क्रेटाची ५० आहे. मुंबईला जाऊन परत येताना मध्ये एकदा पंप गाठावाच लागतो.

वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरच्या आत चालवणाऱ्यांनी मायलेजच्या आकड्यासाठी जीव टाकू नये. डिझेल किंवा हायब्रिड घेताना जे जास्तीचे पैसे जातात ते एवढ्या कमी वापरात वसूल व्हायला कितीतरी वर्षं लागतात. त्यात महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स आहे, तेवढ्याच पेट्रोल गाडीला १२.

आतल्या वस्तूंबद्दल थोडक्यात. माझ्या गाडीतली टचस्क्रीन उन्हातही वाचता येते. एसीला खरी बटणं आणि फिरवायचे गोळे आहेत, गाडी चालवताना स्क्रीनमध्ये शोधत बसावं लागत नाही. डावा इंडिकेटर दिला की डाव्या आरशाखालच्या कॅमेऱ्यातलं दृश्य स्क्रीनवर येतं. दुचाक्यांच्या गर्दीत डावीकडे वळताना मला त्याची आता इतकी सवय झालीय की दुसरी गाडी चालवताना चुकल्यासारखं होतं. सनरूफ छोटं आहे, पूर्ण छताचं नाही, आणि मला त्याने काही फरक पडत नाही. थंड हवा सोडणाऱ्या सीट माझ्या गाडीत नाहीत.

झेडएक्स या सगळ्यात वरच्या प्रकारात होंडा सेन्सिंग येतं. समोरच्या काचेवरचा कॅमेरा रस्ता बघतो, समोरच्या गाडीपासून अंतर राखतो, टक्कर होणार असं वाटलं तर ब्रेक लावतो, पट्ट्याबाहेर गेलात तर स्टिअरिंग सावरतो. टेस्ट ड्राइव्हला मी ते पुणे-बंगळूर हायवेवर वापरून बघितलं. पट्टे स्पष्ट असतील तिथे ते छान चालतं. राधानगरी रस्त्यावर पट्टेच नाहीत, तिथे कॅमेऱ्याला वाचायलाच काही मिळत नाही. आणि हँडब्रेक हाताने ओढायचा असल्यामुळे थांबत-थांबत सरकणाऱ्या वाहतुकीत क्रूझ कंट्रोल गाडी पूर्ण थांबवून परत चालवत नाही. वरचेवर मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जाणाऱ्यांनी झेडएक्सचा विचार करावा. टक्कर टाळणारा ब्रेक एकदा जरी कामी आला तरी त्या पैशांचं चीज झालं.

सुरक्षिततेचं सांगायचं तर सुरुवातीला सहा एअरबॅग फक्त वरच्या प्रकारात होत्या. २०२४ मध्ये कंपनीने सगळ्याच प्रकारांत सहा एअरबॅग दिल्या आणि पाचही सीटना तीन टोकांचे बेल्ट दिले. जुनी एलिव्हेट घेणाऱ्यांनी या बदलाच्या आधीची की नंतरची, हे जरूर विचारावं. जपानला जाणाऱ्या डब्ल्यूआर-व्हीला तिथल्या जेएनकॅप या टक्कर-चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, पण ती त्या बाजारासाठी बनवलेली गाडी होती, हे लक्षात ठेवून ते तारे मोजावेत. कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांना २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये पाच तारे मिळाले होते आणि त्या गाड्यांच्या बांधणीवर माझा विश्वास आहे. त्यांची मागची सीट आणि डिकी लहान आहे, एवढीच अडचण. आणि तारे कितीही असोत, मागच्या माणसांनी बेल्ट लावला नाही तर ते कामाचे नाहीत. आमच्या गाडीत आत्यांचा बेल्ट लागल्याचा आवाज आल्याशिवाय मी गिअर टाकत नाही.

सर्व्हिस दहा हजार किलोमीटर किंवा वर्षातून एकदा. मूळ वॉरंटी तीन वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नाही, आणि पैसे भरून ती वाढवता येते. सीव्हीटी घेणाऱ्यांनी वाढवून घ्यावी. इंजिन साधं आहे, टर्बो नाही, टायमिंगला बेल्टऐवजी साखळी आहे. दहा वर्षं गाडी बाळगणाऱ्या घराला मी याच कारणासाठी असं इंजिन सुचवते. होंडाची वर्कशॉप मारुतीइतकी गावोगाव नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी राहत असाल तर सर्वांत जवळचं कुठे आहे हे आधी बघा.

कुठला प्रकार घ्यायचा? सुरुवातीच्या एसव्हीत सीव्हीटी मिळत नाही. व्हीपासून मिळते, आणि ज्यांना फक्त जागा, सोपं चालवणं आणि मागचा कॅमेरा हवाय त्यांच्यासाठी व्ही पुरेशी आहे. डावीकडचा कॅमेरा आणि १७ इंची चाकं व्हीएक्सपासून. बाजारात आली तेव्हा किंमत १०.९९ लाखांपासून १५.९९ लाखांपर्यंत होती, एक्स-शोरूम. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, चार मीटरहून लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांना सेस जाऊन सरसकट ४० टक्के झाला आणि किमती खाली आल्या, त्यामुळे जुन्या यादीवर विसंबू नका. एक्स-शोरूम किमतीवर रोड टॅक्स, विमा आणि टीसीएस (विक्रेता गिऱ्हाइकाकडून आगाऊ गोळा करतो तो आयकर) धरूनच बजेट करा. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस कापतात, तो आयकर रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो.

एका शोरूममध्ये आम्हाला सांगितलं गेलं की विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर गाडीची तारीख पुढे जाईल. असं कुठलंही बंधन नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा आणि तुलना करा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातली सगळी माणसं न्या, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तर नक्कीच, आणि पाचही जण बसून निदान अर्धा तास गाडी चालवा. जवळ घाट किंवा मोठा चढ असेल तर तिथेच न्यायला सांगा, एसी चालू ठेवा, आणि मध्यावर थांबून परत गाडी उचलून बघा. शोरूमभोवती एक फेरी मारून आणतात, त्यात या गाडीची खरी परीक्षा होत नाही. घाट चढताना मागच्यांना आवाज चालतोय का, ते त्यांनाच विचारा. चालत नसेल तर टर्बो पेट्रोल किंवा डिझेल क्रेटा, किया सेल्टॉस बघायला संकोच करू नका. चालत असेल, आणि मागे बसलेले मजेत असतील, तर या किमतीत इतकी आरामाची मागची सीट आणि इतकी डिकी दुसरीकडे मिळणं अवघड आहे.

गाडी ठरली की ताबा घेण्याआधी ती यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा. चासी नंबर बिलाशी जुळवा, उत्पादनाचा महिना विचारा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; चारही टायर आणि स्टेपनी एकाच सुमाराची आहेत का बघा. रंगावर ओरखडा, काचेवर वेगळा नंबर, जास्त फिरलेलं मीटर असं काही दिसलं तर तिथल्या तिथे लेखी द्या. हे सगळं रजिस्ट्रेशनच्या आधीच उरकायचं, कारण एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की गाडी बदलून मिळत नाही.